पीसीओएस असताना पास्ता: नाशिकच्या भाजीबाजारापासून ताटापर्यंत

भाची जूनमध्ये शिकायला नाशिकला आली. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत तिघींनी मिळून घेतलेली खोली, त्यात एकच शेगडी, एक कुकर, दोन पातेली आणि एक कढई. दिवाळीच्या आधी ती माझ्याकडे आली तेव्हा पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. पाळी दोन-दोन महिने लांबत होती, हनुवटीवर राठ केस यायला लागले होते आणि डॉक्टरांनी पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असल्याचं सांगितलं होतं. मी चहा पुढे ठेवला, तर तिने आधी विचारलं, “मावशी, आता पास्ता कायमचा बंद का गं?”

तिचा प्रश्न मला फार लागला. बारा वर्षांपूर्वी असाच रिपोर्ट माझ्या हातात होता आणि सोबत एक छापील कागद मिळाला होता: गहू बंद, भात बंद, दूध बंद, फळं बंद, बटाट्याचं तर नावही काढायचं नाही. तीन आठवडे मी तो कागद जसाच्या तसा पाळला. चौथ्या आठवड्यात भूक अनावर झाली, बेकरीतून आणलेला केक एकटीने संपवला आणि रात्रभर रडत बसले. पुढे एका शांत स्वभावाच्या आहारतज्ज्ञ ताईंनी मला ताट मांडायला शिकवलं, तेव्हा कुठे जेवणाची भीती गेली.

म्हणून त्याच संध्याकाळी भाचीला ओट्यापाशी उभं केलं आणि तिच्याकडून पास्ता करून घेतला. तो इथे पायरीपायरीने लिहितेय. निदान नुकतंच झालंय, स्वयंपाकाचा फारसा सराव नाही, पास्ता आजवर हॉटेलातच खाल्लाय, अशा मुली डोळ्यांपुढे आहेत. ज्यांना बाकीचं ठाऊक आहे त्यांनी थेट कढईपाशी यावं.

आधी थोडं शरीराबद्दल

पाळीच्या वयातल्या दर दहा बायकांत साधारण एकीला पीसीओएस असतो. आपल्याकडे बोलताना सर्रास पीसीओडी म्हणतात. नावात सिस्ट असलं तरी सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नसतात, पुरत्या न वाढलेल्या बीजपुटिका, म्हणजे बीज वाढतं त्या इवल्या पिशव्या, असतात. तेव्हा “पोटात गाठी झाल्या” म्हणून घरात रडारड करायचं कारण नाही.

पुष्कळ जणींमध्ये मूळ दुखणं इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचं असतं. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त तयार करायला लावतं. त्यात भर म्हणजे त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनायला लागतं. मग पाळी लांबते, पुरळ येतं, नको तिथे केस येतात. बारीक अंगाच्या मुलींनाही हे होतं. “तू तर काडी आहेस, तुला कसला पीसीओएस” असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

जेवणाचा संबंध इथे येतो. जेवल्यावर रक्तातली साखर झपकन चढली की इन्सुलिनही तेवढंच उसळतं. साखर हळूहळू चढावी, एवढं आपण स्वयंपाकघरात बघू शकतो. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही की एखादा पदार्थ वाळीत टाकावा लागत नाही. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की कुठलाही एक ठरावीक आहार बाकीच्यांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. सकस खाणं हवं आणि ते कायम निभायला हवं. गहू किंवा दूध सरसकट प्रत्येकीने सोडायचं काही कारण नाही. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो) असेल, गहू खरोखर सोसत नसेल, तर गोष्ट वेगळी.

आता हॉटेलातली पास्त्याची बशी आठवा. काठोकाठ पास्ता, वर मैदा-लोणी-क्रीमचा पांढरा सॉस, बाजूला गार्लिक ब्रेड, सोबत कोल्ड्रिंक, आणि भाजी म्हणून भोपळी मिरचीचे चार तुकडे. त्यात प्रथिनं शोधून सापडत नाहीत. जेवण झाल्यावर तासाभरात डोळे मिटायला लागतात आणि रात्री अकराला पुन्हा काहीतरी गोड खावंसं वाटतं.

माझी आजी वरणफळं करायची. पातेलंभर आंबट-गोड वरण, त्यात कणकेची फळं मोजकी, वर कोथिंबीर आणि तुपाची धार. कणीक आणि डाळ एकाच पातेल्यात, पण जोर वरणाचा. पास्ता तसाच करायचा: भाजी आणि प्रथिनं पातेलंभर, पास्ता त्यात मोजका. भाचीला हे एवढं एक वाक्य सांगितलं आणि तिच्या लगेच ध्यानात आलं.

पास्ता निवडताना

खरा पास्ता मैद्याचा नसतो. तो दुरम गव्हाच्या रव्याचा असतो आणि हा दुरम गहू आपल्याला परका नाही. आपल्याकडे त्याला बन्सी किंवा बक्षी म्हणतात. दाणा टणक, पिवळसर, रवा काढायला उत्तम. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या या जातीच्या दोन वाणांची नावंच पंचवटी आणि गोदावरी आहेत. उन्हाळ्यात बाजेवर वाळत घातलेल्या शेवया ज्यांनी पाहिल्यात, त्यांनी पास्त्याचं भावंड पाहिलंय असं मी खुशाल म्हणेन.

बन्सीच्या रव्यात प्रथिनांची जाळी घट्ट असते आणि पास्ता दाबून काढल्यामुळे तो आणखी गच्च होतो. आतला पिष्टाचा (स्टार्चचा) कण त्या जाळीत अडकून राहतो आणि सावकाश पचतो. म्हणून योग्य शिजवलेल्या पास्त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो त्याचा आकडा, साधारण ५० च्या आसपास येतो. पांढऱ्या ब्रेडचा ७० च्या वर जातो. पास्ता गिचका शिजवला की हा फायदा बराचसा हातचा जातो, म्हणून शिजवण्याच्या पायरीवर पुढे मी थोडी रेंगाळणार आहे.

दुकानात पाकीट उलटं करून घटक वाचा. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं. दुरम गव्हाचा रवा पहिला असेल तर चालेल. अख्ख्या दुरम गव्हाचा असेल तर आणखी छान, कारण चोथा जास्त मिळतो. शंभर ग्रॅममध्ये सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त तंतू, म्हणजे हाच चोथा, लिहिलेले असतील ते पाकीट उचलायचं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात “मल्टीग्रेन” आणि मागे पहिला घटक मैदा, अशी पाकिटं पुष्कळ असतात. सुट्टा पांढराफटक पास्ता स्वस्त पडतो, पण तो बहुतेक मैद्याचा असतो आणि पाण्यात पडला की विरघळायला लागतो. मसाल्याच्या पुडीसकट येणारा झटपट पास्ता रोजच्या जेवणात नको. त्यात मीठ फार असतं. हरभऱ्याच्या किंवा मसुराच्या पिठाचा पास्ताही हल्ली मिळतो. प्रथिनांच्या दृष्टीने तो चांगला, पण महाग आहे. विद्यार्थिनीच्या खिशाला झेपत नसेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. साध्या पास्त्यात मूठभर छोले घातले की काम होतं.

आकार पेने (आखूड पोकळ नळ्या) किंवा फुसिली (पिळाचे तुकडे) घ्या. नवशिक्या हाताला तो सोपा जातो, आणि फुसिलीच्या पिळात भाजीचे तुकडे छान अडकतात.

भाजी

इथे नाशिककरांची चंगळ आहे. पावसाळा सरता सरता गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतकडचा टोमॅटो येतो, तेव्हा सॉस घरीच करायचा, बाटलीतला आणायचाच नाही. बाटलीतल्या सॉसमध्ये साखर असते, केचपमध्ये तर भरपूर. बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो, तिथे गेलात तर संध्याकाळी उशिरा जा. भाव उतरलेले असतात आणि पिकलेला, मऊ टोमॅटो वाटा लावून मिळतो. सॉसला तोच हवा. कडक, फिका टोमॅटो कोशिंबिरीला ठेवा.

ब्रोकोली आणि झुकिनी मिळाली तर ठीक. नसली तर फ्लॉवर, फरसबी, दुधी, पालक, गाजर यांतली कुठलीही दोन-तीन घ्या. दुधीचं नाव काढल्यावर भाचीने तोंड वाकडं केलं होतं. बिया काढून, सालासकट बारीक चौकोनी चिरून मोठ्या आचेवर परतलेला दुधी पास्त्यात झुकिनीच्या जागी निमूट बसतो, आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

दोघींसाठी काय काय लागेल

आमटीच्या वाटीने मोजा, साधारण १५० मिलिलिटरची. अशी एक सपाट वाटी कोरडा पेने म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि एका माणसाला एका वेळी तेवढा पुरे. वजनकाटा असेल तर एकदा आपली वाटी तोलून बघा, मग रोज मोजायला नको.

पास्ता दोन वाट्या, म्हणजे १२० ग्रॅम. पनीर १५० ग्रॅम. शिजवलेले छोले पाऊण वाटी. पिकलेले टोमॅटो अर्धा किलो. एक लहान कांदा, लसणाच्या सात-आठ पाकळ्या. एक मोठी भोपळी मिरची, मशरूमचा अर्धा डबा, दुधी किंवा फ्लॉवर वाटीभर, पालकाची निवडून धुतलेली दोन मुठी पानं. एक लहान गाजर. चार चहाचे चमचे तेल, सगळं मिळून. शेंगदाण्याचं चालतं, ऑलिव्हचं घरात असेल तर ते घ्या, मुद्दाम आणायला जाऊ नका. मिरे, सुकी लाल मिरची, ओरेगॅनो. भाजलेल्या जवसाची पूड दोन चमचे. चीज हवं असेल तर किसून दोन चमचे, वरून.

पनीर, छोले आणि पास्ता मिळून माणशी साधारण २५ ग्रॅम प्रथिनं होतात. पनीर नको असेल तर टोफू, दोन-दोन उकडलेली अंडी किंवा कोंबडीचे बारीक तुकडे घाला. मांसाहारी घरात मी चिकनच सुचवेन, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चोळून टाका. वास सख्ख्या बहिणीसारखा नाही, पण चुलत बहिणीचा आहे. आणि कुंडीत सब्जा असेल तर त्याची चार पानं शेवटी तोडून घाला. ज्याचं बी आपण सरबतात घालतो ती वनस्पती म्हणजे परदेशी पाककृतीतल्या बेसिलचीच जात.

पायरी पहिली: सकाळची तयारी

छोले रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला पाच-सहा शिट्ट्या करून घ्या. एकदम दोन-तीन वाट्या शिजवून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले तर तीन दिवस कामाला येतात: एक दिवस पास्त्यात, एक दिवस कोशिंबिरीत, एक दिवस कांदा-लिंबू घालून संध्याकाळी पाच वाजता. ते पाच वाजताचं खाणं महत्त्वाचं आहे. दुपारी नीट न जेवता “रात्री पास्ता आहे ना” म्हणून पोट रिकामं ठेवलं, तर रात्री वाटीचं माप कुणालाच पाळता येत नाही.

पायरी दुसरी: सॉस

टोमॅटो आडवे चिरा आणि कापलेली बाजू किसणीवर धरून किसा. साल हातात उरतं, गर खाली पडतो. मिक्सर लागत नाही, टोमॅटो उकडून सोलायची कटकटही नाही.

कढईत दोन चमचे तेल घाला आणि ते तापायच्या आतच लसणाचे पातळ काप सोडा. आच मंद. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की बारीक चिरलेला कांदा टाका, तो पारदर्शक होऊ द्या. लसूण तपकिरी झाला तर सॉस कडू होतो, आणि तो कडूपणा पुढे कशाने जात नाही. असं झालं तर लसूण काढून टाकून नव्याने सुरुवात केलेली बरी. मग टोमॅटोचा गर, किसलेलं गाजर, ठेचलेली लाल मिरची आणि अर्धा चमचा मीठ. गाजर कशाला, तर टोमॅटोचा आंबटपणा मऊ करायला. पुष्कळ पाककृतींत इथे साखर घालायला सांगतात, आपल्याला ती नको.

बारा ते पंधरा मिनिटं मध्यम आचेवर उघडंच शिजू द्या. उलथनं कढईच्या तळाशी सरळ ओढून बघा: मागे वाट पडते का, आणि ती लगेच मिटते का? लगेच मिटली तर अजून पाणी आहे. दोन श्वास वाट उघडी राहिली, कडेला तेलाचे बारीक थेंब दिसले, की सॉस झाला. ओरेगॅनो आता घाला.

एकच शेगडी असेल तर सॉस वाडग्यात काढून झाका आणि त्याच कढईत पुढची पायरी करा. धुवायचीही गरज नाही.

पायरी तिसरी: भाज्या परतणं

उरलेलं दोन चमचे तेल, आच मोठी. आधी मशरूम, मीठ न घालता. ते पाणी सोडतील. ते पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत थांबा. मग दुधी किंवा फ्लॉवर, शेवटी भोपळी मिरची. मिरचीला दोन मिनिटं पुरे, दाताखाली कुरकुर लागली पाहिजे. छोले घाला, सॉस परत कढईत ओता आणि गॅस बंद करा. पनीर आणि पालक अजून बाहेरच ठेवा.

पायरी चौथी: पास्ता उकळणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी घ्या. लहान चमचाभर मीठ. परदेशी पाककृतींत याहून बरंच जास्त मीठ सांगतात, पण पीसीओएसमध्ये पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता असते, म्हणून मी हात आखडताच ठेवते. पाण्यात तेल घालू नका. तेल घातलं की पास्ता बुळबुळीत होतो आणि सॉस त्याला धरत नाही. चिकटू नये म्हणून खरं करायचं ते एवढंच: पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता टाकायचा आणि पहिलं मिनिटभर ढवळत राहायचं.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटापासून बघायला लागा. भाचीला मी एक पेने ताटलीत काढून सुरीने मधोमध कापायला लावला. कडेला पिवळसर, पारदर्शक आणि मध्यभागी पांढऱ्या खडूसारखं जाड वर्तुळ. “कच्चा आहे,” ती म्हणाली. मिनिटभराने दुसरा कापला, वर्तुळ बारीक झालं होतं. तिसरा कापला तेव्हा सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उरले होते. “आता बंद कर,” मी म्हटलं. चावून पाहिलं तर बाहेरून मऊ आणि मध्ये किंचित टणक, पीठ न लागणारा. इथेच थांबायचं. पुढचं शिजणं कढईत होतं.

चाळणीत ओतण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा. त्या गढूळ पाण्यात पास्त्याचं पिष्ट असतं, त्याने सॉसला क्रीमशिवाय दाटपणा आणि चकाकी येते. निथळलेल्या पास्त्यावर गार पाणी मारू नका.

पायरी पाचवी: एकत्र

कढईखाली पुन्हा आच, त्यात पास्ता, अर्धी वाटी राखलेलं पाणी. दीड-दोन मिनिटं वर-खाली करत राहा. सॉस पास्त्याला लपेटायला लागला की पालक टाका. तो बघता बघता बसतो. शेवटी पनीरचे तुकडे, आणि पनीर पडलं की गॅस बंद. तळलेलं पनीर मी घालत नाही, चिवट होतं. फ्रीजमधलं कडक पनीर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं की लोण्यासारखं मऊ होतं. वर मिरे आणि जवसाची पूड. जवसात ओमेगा-३ मेदाम्लं आणि चोथा दोन्ही असतं, आणि त्याचा खमंगपणा किसलेल्या चीजची जागा निम्मी तरी भरून काढतो.

कढईत आता बघितलंत तर पास्त्यापेक्षा भाजी जास्त दिसली पाहिजे. दिसत नसेल तर भाजी कमी पडलीय, पुढच्या वेळी वाढवा.

वाढणं आणि जेवणं

आधी काकडी-गाजर-टोमॅटोची कोशिंबीर, लिंबू पिळून, दाण्याचं कूट घालून. ती संपवून मग पास्ता. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली आणि पिष्टमय पदार्थ नंतर गेले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलंय. आपल्या ताटात डाव्या बाजूला कोशिंबीर असतेच, फक्त तिच्यापासून सुरुवात करायची.

गार्लिक ब्रेड नको. पास्ता आहे तर त्यावर आणखी ब्रेड कशाला? साखरेच्या पेयाऐवजी पाणी किंवा पातळ ताक घ्या. हिवाळा सरताना नाशकात घरोघरी द्राक्षं येतात, ती सोडायला मी सांगणार नाही. बारा-पंधरा मणी दुपारच्या खाण्यात, शेंगदाण्यांबरोबर. टोपली पुढ्यात घेऊन टीव्हीसमोर मात्र बसायचं नाही.

साडेसात-आठला जेवा आणि मग शतपावली करा. शंभर पावलांवर थांबू नका, पंधरा मिनिटं चाला. स्नायू चालताना रक्तातली साखर वापरतात. जवळ राहणाऱ्यांना कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोल्फ क्लब मैदान आहे. एकटीने रात्री बाहेर जायला नको वाटत असेल तर गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मैत्रिणीबरोबर फेऱ्या मारा. फोनवर आईशी बोलत चाललात तर पंधरा मिनिटं कधी संपतात कळतही नाही.

पांढरा सॉसच हवा असेल तर

फ्लॉवरचे तुरे मऊ उकडा, त्यात अर्धी वाटी दूध, थोडं पनीर, लसूण आणि मिरे घालून मिक्सरमधून गुळगुळीत फिरवा. तेलावर जरा गरम करा आणि चिमूटभर जायफळ घाला. मैदा नाही, क्रीम नाही, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना पास्ता म्हटलं की आठ्या पडतात, त्या हा वाटीत घेऊन चमच्याने खातात.

औषधं आणि डॉक्टर

पास्त्याने पीसीओएस बरा होत नाही, कुठल्याच जेवणाने होत नाही. तो आटोक्यात ठेवायला जेवण, चालणं, व्यायाम, झोप आणि लागतील तेव्हा औषधं, हे सगळं लागतं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिनचा असर सुधारणारी गोळी, चालू असेल तर ती जेवणासोबत घ्यायला सांगतात, कारण रिकाम्या पोटी मळमळ आणि जुलाब जास्त होतात. ती बरीच वर्षं चालू असेल तर ब१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

तीन महिने पाळी आलीच नाही, किंवा आली ती थांबेना, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. साखरेची तपासणी कधी आणि किती वेळा करायची ते त्यांना विचारा. मधुमेह आधीच असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस राहिले असतील, तर वरची मापं आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि मन फार खचत असेल, जेवणाचीच भीती वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पीसीओएसमध्ये उदासी आणि चिंता पुष्कळ जणींना होते. मी ती दोन वर्षं लपवली, तुम्ही लपवू नका.

उरला तर

चौघींचा करून दोघीच जेवायला आल्या, असं खोलीवर होतंच. उरलेला पास्ता ओट्यावर रात्रभर ठेवू नका. गार झाला की लगेच, दोन तासांच्या आत, झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये. गार होताना त्यातलं थोडं पिष्ट अशा रूपात बदलतं की ते लहान आतड्यात पचत नाही आणि चोथ्यासारखं पुढे जातं. दुसऱ्या दिवशी गरम केल्यावरही त्यातला काही भाग तसाच राहतो. सकाळी कढईत दोन चमचे पाणी शिंपडून वाफ येईपर्यंत गरम करा, वर कच्चा कांदा आणि लिंबू, आणि डब्यात भरा. सोबत काकडी वेगळ्या डबीत द्या, नाहीतर दुपारपर्यंत पाणी सुटून सगळं बेचव होतं.